आईचे गुडघे आणि माझं फर्मान

गेल्या वर्षी आईचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा मी पुण्यातून फोनवर फर्मान सोडलं, "शेतात जायचं नाही. बसून राहायचं." इंजिनिअरचं डोकं! जे चालतं ते झिजतं, मग बंदच ठेवा की.

आईने ऐकलं, हीच गडबड झाली. दिवाळीत बदनापूरला गेलो तर ती ओट्याचा आधार घेऊन उठत होती. म्हणाली, "तुझं ऐकलं अन् पार आखडून गेले बघ."

मग वाचायला बसलो. शाळेत शिकलो होतो: खांदा आणि खुबा उखळीचे सांधे, कोपर आणि गुडघा बिजागरीचे. पण गुडघा नुसती बिजागरी नाही. पाय सरळ करताना शेवटी नडगीचं हाड किंचित बाहेर वळतं आणि गुडघा लॉक होतो. म्हणून आपण फारशी ताकद न लावता उभे राहू शकतो.

खरी गंमत पुढेच आहे. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, जेमतेम काही मिलिमीटर जाडीची. तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात! मग तिचं पोट कसं भरतं? सांध्याभोवतीच्या पिशवीचं आतलं अस्तर एक चिकट वंगण तयार करतं. निरोगी गुडघ्यात ते चमचाभरही नसतं. पाऊल टाकलं की कूर्चा स्पंजसारखी दाबली जाते, उचललं की फुगते. या दाबण्या-सुटण्यातून वंगणातलं पोषण आत शिरतं.

म्हणजे दाराच्या बिजागरीला तेल बाहेरून घालावं लागतं, गुडघ्याचं तेल घरचंच असतं. पण ते मुरायला हालचाल लागते. मी आईच्या गुडघ्यांना आराम दिला नव्हता, उपाशी ठेवलं होतं. वर मांडीचे स्नायूही सैल पडले, आणि गुडघ्याला सांभाळणारे तेच.

झिजलेली कूर्चा परत येत नाही, हे खरंच. जालन्याच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. उकिडवं बसणं कमी करा म्हणाले, पण चाला. आणि खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करा. आता आई रोज संध्याकाळी तुरीच्या बांधापर्यंत जाऊन येते. दुखणं गेलं नाही, पण ओटा सुटला.

परवा फोनवर तिला हे सगळं रंगवून सांगत होतो. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अन् तू रे? दिवसभर खुर्चीतच ना?"

असो. हे उभ्यानेच टाइप करतोय.