बिळांची मोजदाद

सोयाबीनची सोंगणी आटोपते, गंज्या मळून होतात, कुटाराचे ढीग धुऱ्याला लागतात आणि रिसोडच्या शिवारात उंदरांचं बिऱ्हाड हलतं. कुणाला दिसत नाही ते. रिकाम्या वावरातून रातोरात ते तुरीच्या ओळींकडे सरकतात, तिथून नुकत्याच उगवलेल्या हरबऱ्यात. पैनगंगेच्या अंगाची आमची जमीन काळी, वरून सुकली की भेगाळणारी. मऊ केसांच्या शेतउंदराला या भेगा आयतं घर देतात. त्याला खणायचे कष्टसुद्धा पडत नाहीत.

वडिलांच्या मागे वावराची वहिवाट माझ्याकडे आली. त्या पहिल्या रब्बीत हरबऱ्याची कोवळी रोपं बुडातून कातरलेली दिसली आणि मी उंदरांच्या मोहिमेची तयारी सुरू केली. आयुष्यात पहिल्यांदाच ठरवून, योजून जीव मारायला निघाले होते. हातात बंदूक नव्हती, पण शिकार ती शिकारच. मनात भीती होती आणि खरं सांगायचं तर एक उत्सुकताही होती.

दुकानाकडे निघालेल्या मला शेजारच्या धुऱ्यावरच्या आबांनी थांबवलं. म्हणाले, "माय, आधी वावर पाय. औषधाचं मंग बोलू." त्या वाक्यानं माझी तयारी दुकानाऐवजी जमिनीपासून सुरू झाली.

आबांबरोबर संध्याकाळी वावर फिरले. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात काठी आणि बॅटरी. जिथे उंदीर तिथे त्याच्या मागावर नाग आणि घोणसही येतात, म्हणून बिळात हात घालायचा नाही हा पहिला नियम. पायाला खरचटलेलं असेल तर ते झाकून घ्यायचं, कारण उंदराच्या मुतानं भिजलेल्या मातीतून लेप्टोचा आजार माणसाला जडतो. मग आबांनी बिळं वाचायला शिकवली. तोंडाशी भुसभुशीत ताज्या मातीचा ढिगारा आणि आतून लिंपून बंद केलेलं दार, ते काळ्या घुशीचं. ही मोठी साठेबाज. पिकलेली कणसं ओढून नेऊन जमिनीखालच्या कोठ्यांत रचते. बिहारातल्या मुसहरांच्या कैक पिढ्यांनी अशी बिळं खणून त्यातल्या धान्यावर पोट भरलं आहे. बांधाच्या उंच, कोरड्या मातीत गोल, उघडं तोंड असलं तर तो शेपटीला केसांचा झुपका असलेला, कांगारूसारखा उड्या मारणारा उंदीर. आणि करंगळी जेमतेम जाईल अशी भोकं पिटुकल्या शेतउंदराची.

मी तोवर या सगळ्यांना एकच समजत होते. त्या संध्याकाळी माझ्या वावराच्या पोटात तीन-चार वेगवेगळी गावं वसलेली दिसली, प्रत्येकाची रीत निराळी. ज्यांना मारायला निघाले त्यांची ओळख अशी आधी झाली, ते बरं झालं. ओळख नसताना मारणं सोपं असतं, आणि म्हणूनच ते धोक्याचं असतं.

याच सुमारास अमेरिकेतल्या प्रेअरी डॉगबद्दल वाचत होते. नाव कुत्र्याचं, पण प्राणी खारीच्या कुळातला. गवताळ मैदानात जमिनीखाली वसाहत करून राहतो, दाराशी उभा राहून पहारा देतो, संकट दिसलं की भुंकल्यासारखा आवाज काढतो. लुईस आणि क्लार्क यांच्या तुकडीनं 1804 च्या सप्टेंबरात पिंपांनी पाणी बिळात ओतून एक जिवंत पकडला आणि पुढच्या वर्षी तो अध्यक्ष जेफरसन यांच्याकडे पोचता केला. बिळात पाणी ओतून उंदीर बाहेर काढणारी आमच्याकडची पोरं हे ऐकून खूश होतील. पुढे पशुपालकांनी त्याला कुरणाचा शत्रू ठरवलं. मैदानंच्या मैदानं विषानं साफ केली गेली, आणि आजही हौशी शिकारी दुरून नेम धरून त्याला टिपतात. पण त्याच्यावरच जगणारं काळ्या पायांचं फेरेट त्याच्याबरोबर नाहीसं होत गेलं. ते संपलंच असं सगळे धरून चालले असताना 1981 साली वायोमिंगमधल्या मीटीट्सी गावाजवळ एका पाळीव कुत्र्यानं एक फेरेट तोंडात धरून घरी आणलं, तेव्हा ते अजून आहे हे कळलं. शेवटी उरलेली 18 फेरेटं पकडून त्यांची वीण वाढवावी लागली. शिशाच्या गोळीनं मेलेला प्रेअरी डॉग खाऊन गरुडांच्या पोटात शिसं जातं, ते वेगळंच. एका बिळात केलेलं काम किती लांब पोचतं!

हे वाचलं आणि मला आमच्या जुन्या वाड्यातलं गव्हाणी घुबड आठवलं. रिसोडमध्ये पडक्या माळवदांना तोटा नाही. आमच्या वाड्याच्या मागच्या खोलीत वर्षानुवर्षं एक जोडी राहते. बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा, पंखांचा आवाज नाही. त्याचे दोन कान डोक्यावर वरखाली बसलेले असतात, म्हणून मिट्ट अंधारातही नुसत्या कुजबुजीवरून ते उंदीर नेमका उचलतं. भक्ष्य बहुधा अख्खंच गिळतं आणि न पचलेली हाडं-केस गोळा करून ओकून टाकतं. तसले काळपट गोळे मी खोलीतून वेचून आणले, कोमट पाण्यात भिजवून सोडवले. आत कवट्या होत्या, केशरी झाक असलेले पुढचे दात होते. माझ्या आधीपासून माझ्या वावराची शिकार कुणीतरी करत होतं, बिनबोभाट, एक पैसा न घेता. आणि त्यालाच आपण अपशकुनी म्हणून दगड मारतो. लक्ष्मीचं वाहन म्हणून दिवाळीच्या तोंडावर त्याचे बळी देणारी माणसंही या देशात आहेत. या विचारानं माझ्या पोटात कालवतं.

औषधाचं काम मग आबांनी सांगितल्या क्रमानंच केलं. पहिल्या दिवशी वावरातली सगळी बिळं ओल्या मातीनं बुजवली. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसली तीच जिती. केवढा फरक पडला! बुजवलेल्यांपैकी निम्मीसुद्धा उघडली नव्हती. सरसकट टाकलं असतं तर उरलेलं औषध रिकाम्या बिळांत आणि मातीत गेलं असतं. उघडलेल्या बिळांत आधी नुसती तेल लावलेली भरड ठेवायची, कारण उंदीर संशयी असतो, नवं खाणं आधी चाखून पाहतो. त्याला सवय झाली की 100 ग्रॅममध्ये 96 ग्रॅम भरड, 2 ग्रॅम तेल आणि 2 ग्रॅम झिंक फॉस्फाइड अशी पुडी बिळात खोलवर सोडायची आणि तोंड बुजवायचं. हातमोजे घालून, वाऱ्याकडे पाठ करून, काठीनं कालवायचं. पोटात गेलं की त्यातून विषारी वायू सुटतो आणि त्याला उतारा नाही, म्हणून घरातली भांडी या कामाला वापरायची नाहीत, लेकरं आणि जनावरं आसपास येऊ द्यायची नाहीत.

दुसऱ्या सकाळी मेलेले उंदीर मीच गोळा केले. गड्याला सांगितलं नाही. मारायचं आपण आणि उचलायला दुसरा, हे मला पटत नाही. धुऱ्याच्या कडेला खोल खड्डा करून पुरले. त्यातली एक मादी पोटुशी होती. मला वाईट वाटलं, आणि वाटायलाच हवं होतं. पण हरबरा माझ्या घरचं वर्षाचं पीठ होता, तेही तितकंच खरं.

उरलेल्या बिळांसाठी ब्रोमोडायोलोन टाकायची रीत आहे. मी ते नाकारलं. त्या औषधानं उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, म्हणजे घुबडाच्या हाती सहज लागतो. औषध त्याच्या यकृतात साठून राहतं, आणि असे उंदीर खात गेलेलं घुबड आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतं. वाड्यातली जोडी मारून मी हरबरा वाचवणार नव्हते. त्याऐवजी वावरात इंग्रजी टी अक्षरासारखे पक्षीथांबे रोवले, एकरी 20. दिवसा त्यांवर कोतवाल बसून घाटेअळी टिपतात, रात्री घुबड बसतं. तुरीच्या काड्या आणि बांबू, खर्च जवळपास काहीच नाही.

आता या शिवारातल्या माझ्या भावाबहिणींकडे एवढंच मागते. यंदा हरबरा उगवला की पक्षीथांबे आधी लावा. बिळं बुजवून, दुसऱ्या दिवशी उघडलेली मोजून, मगच दुकानात जा. मेलेले उंदीर उघड्यावर टाकू नका, पुरा. आणि पडक्या घरातलं घुबड तिथेच राहू द्या.