नागीण: काही टिपणे

१.
मराठी घरात नागीण, कन्नड घरात सर्पहुण्णू. गेरू दोन्हीकडे तोच.

२.
निपाणी. उंबऱ्याशी विड्या वळणारी बाई. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. सूप उजवीकडे सरकवलेलं, कारण डाव्या कुशीपासून बेंबीपर्यंत फोडांचा पट्टा. त्यावर गेरूचा लेप, वाळून तडकलेला. परकराची नाडी सैल. पदराचा काठ लागला तरी अंग चोरते. मजुरी हजार विड्यांवर, म्हणून हात चालूच. "पाच दिस झालं. तोंडाला शेपूट लागाय नाही पायजे बघा. लागलं की माणूस जातंय."

३.
तोंडाला शेपूट लागत नाही. नागिणीचा विषाणू उठतो तो मणक्याशेजारच्या मज्जापेशींच्या एका गाठीतून. तिथून निघणाऱ्या मज्जातंतूवरून कातडीपर्यंत येतो, आणि तो मज्जातंतू पोटाच्या मधल्या रेषेशी संपतो. म्हणून पट्टा एकाच बाजूला.
तरी जुनी भीती अगदीच हवेतली नाही. एचआयव्ही असेल, कॅन्सरची औषधं चालू असतील, तर फोड अंगभर पसरू शकतात, कधी विषाणू फुप्फुसापर्यंतही जातो.

४.
कांजिण्या आल्या की अंथरुणाशी कडुलिंबाचा पाला, घरात फोडणी बंद. खपल्या पडल्या, मूल न्हालं, घर विसरलं. विषाणू गेला नाही. त्याचा डीएनए, सुमारे सव्वा लाख अक्षरांचा, त्या गाठींत राहिला. या काळात तो जवळजवळ कुठलंच प्रथिन बनवत नाही, त्यामुळे शरीराच्या पहाऱ्याला दिसत नाही. चाळीस-पन्नास वर्षं असा राहू शकतो. वय, मधुमेह, एखादं मोठं आजारपण यांनी पहारा ढिला पडला की उठतो.

५.
नागीण येते कुठून, हे कोडं सोडवायला प्रयोगशाळेइतकीच एक वही कामाला आली. एडगर होप-सिम्पसन, इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर गावचे साधे फॅमिली डॉक्टर. आपल्याच पेशंटांच्या सोळा वर्षांच्या नोंदी चाळून त्यांनी १९६५ मध्ये मांडलं: नागीण बाहेरून येत नाही, लहानपणच्या कांजिण्यांचाच विषाणू आतून परततो. विषाणूचा डीएनए त्या गाठींत प्रत्यक्ष सापडला, तो १९८० च्या दशकात.
तालुक्याच्या दवाखान्यातलं कळकट ओपीडी रजिस्टर दिसलं की मला ही वही आठवते. त्या रजिस्टरात काय काय पडून असेल.

६.
आजीची नागीण नातवाला होत नाही. त्याला होतात कांजिण्या, आधी झाल्या नसतील तर. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत तान्हं मूल आजीजवळ नको. कांजिण्या न झालेल्या गरोदर सुनेनंही लांब राहावं.

७.
पहिला दिवस: उष्णता झाली असेल. दुसरा: गेरू. तिसरा: उतरवणाऱ्याकडे. चौथा: डॉक्टर.
असायक्लोव्हिरच्या गोळ्यांचा खरा उपयोग पहिल्या ७२ तासांत.

८.
हे औषध पेशीत गेलं तरी तिथे स्वस्थ असतं. विषाणूचंच एक विकर त्याला जागं करतं, आणि मग ते विषाणूची नक्कल तोडतं. विषाणू नसलेल्या पेशींना फारसा धक्का नाही. हे ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. गाठीत निजलेल्या विषाणूवर मात्र त्याचा इलाज नाही.

९.
गेरू लावणाऱ्याशी माझं भांडण नाही. फोड तीन-चार आठवड्यांत आपोआप वाळतात आणि यश त्याच्या नावावर जमा होतं, एवढंच. लोक आधी त्याच्याकडे जातात, म्हणून त्याच्याशीच बोलायला हवं. "आधी दवाखान्यात जा, मग माझ्याकडे या," एवढं तो म्हणाला तर कितीतरी म्हाताऱ्यांचं औषध वेळेत सुरू होईल.

१०.
फोड गेले, आग राहिली. चिकोडीहून बेळगाव, मिरज, कोल्हापूर; प्रत्येक गावची फाईल वेगळ्या पिशवीत. एक निवृत्त मास्तर बनियन उलटं घालतात, शिवण टोचू नये म्हणून. पंख्याचा वाराही सोसत नाही.

११.
पंचविशीतल्या पोराला नागीण झाली, तर एचआयव्हीची तपासणी सुचवायची. दार लोटून, हळू आवाजात, पण सुचवायचीच. बेळगाव जिल्ह्यानं एचआयव्हीच्या साथीचे दिवस पाहिलेत.

१२.
नागिणीच्या विषाणूच्याच कुळातला एपस्टाईन-बार विषाणू रक्तातल्या बी पेशींत मुक्काम करतो. जगातल्या बहुतेक प्रौढांत तो असतो, आणि बहुतेकांना काही होत नाही. अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये दिसलं: त्याची लागण झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचा धोका ३२ पट.

१३.
वेल्समध्ये नागिणीची लस देताना जन्मतारखेची रेघ आखली होती: २ सप्टेंबर १९३३. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्यांना लस, आदल्या दिवसापर्यंतच्यांना नाही. पुढच्या सात वर्षांत लस घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंश सुमारे पाचव्या हिश्शानं कमी आढळला. हे २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलं.
आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांची जन्मतारीख १ जून. शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेली.

१४.
नागिणीची नवी लस भारतात २०२३ मध्ये आली. पन्नाशीपुढच्यांना, दोन डोस, किंमत हजारांत. राष्ट्रीय लसीकरणात ती नाही, कांजिण्यांचीही नाही.

१५.
नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. शेंड्याला आणि बुबुळाला जाणारा मज्जातंतू एकच आहे. गेरूचं बोट तिथे लावू देऊ नका.