घरची शाळा व विकतचीं पुस्तकें

मूल घरीं शिकवावयाचें असें एकदां ठरलें म्हणजे पहिला प्रश्न पुस्तकांचा येतो, आणि तो दिसतो तितका साधा नसतो. शाळेंत मूल घातलें कीं कोणतीं पुस्तकें घ्यावीं हा विचार आईबापांना करावा लागत नाहीं. जूनच्या आरंभीं यादी हातीं येते, दुकानदार गठ्ठा बांधून देतो, आणि त्या पुस्तकांना तपकिरी कागदाचीं वेष्टणें घातलीं कीं घराचें कर्तव्य संपलें. घरीं शिकविणाराला ही सोय नाहीं. यादी करणें, पुस्तक निवडणें, शिकविणें आणि परीक्षा घेणें हीं चारहि कामें त्याला एकट्यालाच अंगावर घ्यावीं लागतात. आणि त्या चारांत निवडीचें काम सर्वांत अवघड, असें दोन वर्षांच्या अनुभवानंतर मला वाटूं लागलें आहे.

माझ्या नातीला आठव्या वर्षीं आम्ही शाळेंतून काढलें. ती जात होती ती शाळा इंग्रजी माध्यमाची. तेथें रोज एकेका मुलाला उभें करून मोठ्यानें वाचावयास लावीत. ही मुलगी अडखळे, वर्ग हंसे, आणि हळूहळू तिनें वाचणेंच नव्हे तर बोलणेंहि सोडलें. आधीं शाळेंत आणि मग घरींहि. साध्या प्रश्नाला मान हालवून उत्तर देणारी आठ वर्षांची मुलगी रोज डोळ्यांसमोर वावरूं लागली म्हणजे शिक्षणासंबंधीचीं मोठमोठीं मतें आपोआप मागें पडतात. जिनें तिचें तोंड उघडेल ती पद्धति खरी, एवढेंच आम्हांला दिसत होतें. जांवई बोटीवर नोकरीला. मुलगी साताऱ्याच्या घरांत बसून पुण्याच्या एका कचेरीचें काम करणारी. तेव्हां शिकविण्याचा निम्मा भार माझ्याकडे आला. बँकेंत आयुष्य घालविलेल्या बाईला शिक्षणशास्त्र ठाऊक नसतें हें खरें. परंतु ताळेबंद जुळला नाहीं तरी न घाबरतां पुन्हां पहिल्या ओळीपासून बेरीज करण्याची संवय तिला असते, आणि या कामीं तीच मला अधिक उपयोगी पडली.

मुलीनें प्रथम परदेशांतून एक संपूर्ण अभ्यासक्रम मागविला. भली मोठी पेटी आली. तींत छत्तीस आठवड्यांचें कोष्टक, प्रत्येक विषयाचें पुस्तक, त्याची सरावाची वही, आणि शिकविणारानें कोणत्या दिवशीं कोणतें वाक्य उच्चारावें हें सांगणारा जाडजूड मार्गदर्शक ग्रंथ. ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेंत बाल्टिमोर येथील कॅल्व्हर्ट शाळेनें १९०६ सालीं, व्हर्जिल हिलियर हे मुख्याध्यापक असतांना, दूर राहणाऱ्या कुटुंबांना टपालानें पाठ धाडण्यास आरंभ केला. तिच्यानंतर असे कारखाने पुष्कळ निघाले. पेटी उघडली तेव्हां मुलीच्या चेहऱ्यावर जें समाधान उमटलें तें मला पूर्ण समजलें. अशी पेटी मुलापेक्षां आईला अधिक हवी असते. आपल्या हातून कांहीं राहून तर जाणार नाहीं ना, या रात्रीं झोप न येऊं देणाऱ्या भीतीवर तें औषध असतें.

पण पुस्तकें चाळतां चाळतां माझें मन शंकित होऊं लागलें. गणितांत निकल आणि डाईम हीं नाणीं मोजावयाचीं होतीं. ऋतु चारच, आणि त्यांतल्या एकांत बर्फाचा माणूस करावयाचा. आमच्या साताऱ्यास पावसाळा नांवाचा एक ऋतु आहे, आणि तो चार महिने घरांतून हालूं देत नाहीं, याची त्या पुस्तकाला दाद नव्हती. मीं हें बोलून दाखविलें तेव्हां मुलगी म्हणाली, "आई, परदेशी आहेत म्हणून तूं त्यांना नांवें ठेवतेस. उद्यां इंग्रजीवांचून हिला कोण विचारणार आहे?" हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाहीं. स्वदेशी म्हणून पुस्तक चांगलें ठरत नाहीं. आपल्याकडच्या मार्गदर्शिका आणि अपेक्षित प्रश्नसंच पाहिले तर उलटच म्हणावें लागेल.

तेव्हां निवडीसाठीं दुसरी कांहीं कसोटी हवी होती. ती मला हिशेबाच्या संवयीनेंच सुचली. पुस्तक काय सांगतें हें न पाहतां तें मुलाकडून काय करवून घेतें हें पाहावें. कोणतींहि तीन पानें उघडावीं, वरचा मजकूर तळहातानें झांकावा, आणि खालचे प्रश्न तेवढे वाचावे. ज्या प्रश्नाचें उत्तर झांकलेल्या मजकुरांतून एक ओळ उचलून देतां येतें तो प्रश्न बाद. मुलाला कांहीं मोजावें, पाहावें, जुळवावें, स्वतःच्या शब्दांत सांगावें लागेल तो प्रश्न जमेस धरावा. या कसोटीला पेटीतलीं निम्मीं पुस्तकें उतरलीं नाहींत; परंतु निम्मीं उतरलीं, हेंहि सांगितलें पाहिजे. बालभारतीच्या पुस्तकांचें तेंच झालें. कांहीं धडे उत्तम, कांहीं नुसते माहितीचे ढीग. मात्र तीं पुस्तकें महाजालावर फुकट मिळतात, त्यामुळें नावडता धडा सोडून देतांना जिवाला लागत नाहीं. विकत घेतलेल्या महाग पुस्तकाचा हा एक मोठा दोष आहे कीं, पैसे वसूल व्हावे म्हणून आपण तें शेवटच्या पानापर्यंत रेटीत राहतों.

पेटीतील जें निम्में टिकलें त्यांत सर्वांत मोलाची गोष्ट कथनाची पद्धति. तिचें श्रेय इंग्लंडांतील शार्लट मेसन या शिक्षणतज्ज्ञ बाईंना देतात; त्यांचा 'होम एज्युकेशन' हा ग्रंथ १८८६ सालचा. पद्धति अशी कीं चांगल्या पुस्तकांतला एक उतारा मुलाला एकदांच वाचून दाखवावयाचा, आणि मग त्यानें तो आपल्या शब्दांत सांगावयाचा. मध्यें प्रश्न नाहीं, चूक दुरुस्त करणें नाहीं. न बोलणाऱ्या मुलीला ही पद्धति लावणें म्हणजे लंगड्याला डोंगर दाखविण्यासारखें वाटलें. महिनाभर आम्ही वाचीत होतों आणि ती ऐकत होती, एवढेंच. एके दिवशीं आग्र्याहून सुटकेची हकीकत वाचली. संध्याकाळीं तिनें आईचा भ्रमणध्वनि मागून घेतला, दार लोटलें, आणि समुद्रावर असलेल्या बापासाठीं १६६६ सालची ती सगळी हकीकत ध्वनिमुद्रित करून पाठविली. पेटारे, पहारेकरी, आजाराचें सोंग, सर्व आलें होतें. मिठाईंत तिनें आपल्या पदरचे कंदी पेढे घातले होते. मुलीनें तें मला ऐकविलें, आणि आम्ही दोघी बराच वेळ एकमेकींकडे न पाहतां बसून राहिलों. त्यानंतर बापाला रोज कांहींतरी जाऊं लागलें. जें शिक्षकाला सांगावयाचें नव्हतें तें सांगावयास तिला योग्य श्रोता मिळाला होता.

वाचनाच्या बाबतींत मात्र मीं हट्ट धरला. आधीं मराठी, आणि तेंहि मुळाक्षरांपासून. देवनागरींत अक्षर पाहिलें कीं ध्वनि बहुतेक ठरलेला असतो. इंग्रजींत 'बट' आणि 'पुट' यांचें स्पेलिंग एका अक्षराच्या फरकानें होतें, आणि मधलें अक्षर तेंच असून उच्चार निराळा. भ्यालेल्या मुलाला हा अन्याय वाटतो. आपण वाचूं शकतों हा विश्वास एका लिपींत आला म्हणजे तो दुसऱ्या लिपींत नेतां येतो. क्रमिक पुस्तकापेक्षां तिला 'किशोर' मासिकाचे जुने अंक अधिक आवडले. बालभारतीचें हें मासिक १९७१ सालापासून निघत आहे, आणि त्याचे जुने अंकहि महाजालावर पाहावयास ठेवले आहेत. सहा महिन्यांनीं ती वाचूं लागली. वर्षानें पेटीतलीं इंग्रजी गोष्टींचीं पुस्तकें स्वतः होऊन काढलीं. मुलगी म्हणते तें इंग्रजीच्या गोड चित्रांमुळें झालें. मी वाद घालीत नाहीं.

गणिताविषयीं सविस्तर लिहिल्यावांचून माझ्याच्यानें राहवणार नाहीं. मराठींतील संख्यांचीं नांवें म्हणजे मुलांच्या वाटेंतले कांटे आहेत. लिहितांना सहा आधीं, दोन नंतर. म्हणतांना दोन आधीं, साठ नंतर : बासष्ट. एकोणसाठ लिहितांना पांच आणि ऐकतांना साठ. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणितांत 'साठ दोन' अशा वाचनाची जोड दिली तेव्हां केवढें काहूर उठलें! विधानसभेंतहि तो विषय निघाला. त्या पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांच्यासारख्या गणितज्ञ होत्या, आणि जुनीं नांवेंहि पुस्तकांत होतींच, हें त्या गदारोळांत कोणीं फारसें ऐकलें नाहीं. आमच्या घरीं दोन्ही चालतात. नात प्रथम 'साठ दोन' म्हणते, तिला संख्या दिसते, आणि मग ती 'बासष्ट' म्हणते. पाढे मात्र जुन्याच नांवांनीं पाठ झाले, कारण त्यांचा ताल त्या नांवांतच आहे.

अपूर्णांकांसाठीं मीं कोणतेंच पुस्तक घेतलें नाहीं. माळ्यावरून जुनीं मापें काढलीं. १९५६ सालच्या कायद्यानंतर बाजारांत दशमान पद्धति आली आणि हीं मापें अडगळींत गेलीं; पण शिक्षणाचें साधन म्हणून त्यांच्या तोडीची वस्तु मला दुकानांत दिसली नाहीं. दोन कोळव्यांचें चिपटें, दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. प्रत्येक माप आपल्या खालच्याच्या दुप्पट, फक्त शेवटची उडी चौपट. परात, तांदूळ आणि हीं भांडीं एवढ्यावर पाव, अर्धा आणि पाऊण हीं सोंगें उरलीं नाहींत. पायलींत चिपटीं किती हें तिनें तांदूळ ओतून काढलें, सोळा. मग न ओततां तोंडानें काढलें. मग वहींत मांडलें. चिपटें म्हणजे पाव शेर हें ध्यानांत आल्यावर पावकी आणि निमकी तिनें आठवड्याभरांत म्हटली. गंमत अशी कीं, मुलीच्या पेटीतलें गणिताचें पुस्तक याच क्रमाचा उपदेश करीत होतें. सिंगापुरांत १९८०च्या दशकांत रूढ झालेल्या पद्धतीचें तें पुस्तक : आधीं वस्तु, मग चित्र, मग चिन्ह. त्यांतलीं पट्ट्यांचीं चित्रें आम्ही तांदळानंतर वापरलीं, आणि तीं उत्तम आहेत. निकल आणि डाईम तेवढे सोडून दिले.

भूगोलाला आमच्या जिल्ह्यासारखें पुस्तक नाहीं. पश्चिमेस महाबळेश्वरीं वर्षाला पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि पूर्वेस माण तालुक्यांत पांचशेंच्या आसपास, मध्यें आम्ही. तिसरीला जिल्ह्याचा भूगोल असे, त्यांत हे आंकडे पाठ करावे लागत. आम्ही त्याऐवजीं गच्चीवर सरळ कडांचा एक डबा ठेवला आणि रोज सकाळीं पट्टी बुडवून पाणी मोजलें. वडूजला राहणाऱ्या एका नातेवाइकांकडेहि तसाच डबा ठेवविला. सप्टेंबरांत दोन्ही वह्या शेजारीं ठेवल्या तेव्हां डोंगर ढगांना कसा अडवितो हें सांगावयास मला फारसें बोलावें लागलें नाहीं. ढग तिकडे पोंचेपर्यंत रिकामे होतात, असें तीच म्हणाली.

विज्ञानाला अरविंद गुप्ता यांचीं पुस्तकें पुरलीं. हे गृहस्थ अभियंते. १९७०च्या दशकांत होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमांत गेले आणि पुढें आगपेटीच्या काड्या नि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांवर त्यांनीं जणुं एक विद्यापीठच उभें केलें. काड्यांचा चौकोन दाबला कीं कलतो, त्रिकोण कलत नाहीं. पुलावरच्या लोखंडी तिरक्या पट्ट्या कशासाठीं हें त्यावरून कळतें. चलच्चित्रांच्या पाठांविषयीं एवढेंच सांगतें कीं, तीं पाहून मुलाला सर्व समजल्यासारखें वाटतें, आणि या 'सारखें'मध्येंच सारा घात आहे.

परीक्षेचा प्रश्न पाहुणे हमखास काढतात. १९८९ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतर्फे चौदा वर्षें पुरीं झालेल्या मुलाला घरून दहावीची परीक्षा देतां येते. पांच विषय, त्यांत एक तरी भाषा. शिवाय २००९च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या इयत्तेंत प्रवेश मिळण्याची तरतूद आहे. परतीची वाट बंद नाहीं, हें माहीत असलें म्हणजे घरची वाट चालणें सुसह्य होतें. मुलगी मात्र चौदाव्या वर्षाचीं कोष्टकें आतांच आंखूं लागली आहे, आणि तिनें नवी पेटीहि पाहून ठेवली आहे. मीं तिला जुन्या पेटींतल्या अजून न उघडलेल्या वह्या दाखविल्या. यावर आमच्यांत गेले पंधरा दिवस फारसें बोलणें नाहीं.

एवढ्यांत नातीनेंच एक गोष्ट काढली. खालच्या आळीतल्या मराठी शाळेंत तिची एक मैत्रीण जाते. ती शाळा आंतून कशी आहे हें तिला पाहावयाचें होतें. गेल्या सोमवारीं आम्ही तिघी गेलों. मुख्याध्यापिका बाई शांत स्वभावाच्या दिसल्या, "बाळ, तुला काय दाखवूं?" असें त्यांनीं विचारलें. मी श्वास रोखून उभी होतें. ती स्वच्छ आवाजांत म्हणाली, "बाई, पांचवीचें पुस्तक दाखवा." पुस्तक हातीं आल्यावर तिनें मधलें एक पान उघडलें, वरच्या मजकुरावर तळहात ठेवला, आणि खालचे प्रश्न वाचीत बसली. तीन पानें झाल्यावर तिनें बाईंना विचारलें, वाचतांना अडलें तर तुमच्या वर्गांतलीं मुलें हंसतात का. बाई लगेच बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "कधीं कधीं हंसतात. मग मी त्यांना थांबवितें." प्रवेशाचा कोरा अर्ज आम्ही घरीं आणला आहे. तो टेबलावर मापट्याखालीं ठेवलेला आहे, आणि अजून कोणीं भरलेला नाहीं.