मागची रांग

संपादकांनी 'कुमारकथा आणि अंतरंगाचं सौंदर्य' हा विषय सुचवला आणि मी लगेच हो म्हटलं. कारण तळेगाव ढमढेरेची एक मुलगी.

गेल्या हिवाळ्यात तिथल्या एका शाळेत मी नववीच्या मुलांची कथालेखन कार्यशाळा घेतली. उसाची तोड चालू होती. बाहेरून ट्रॉल्या गेल्या की मला थांबावं लागे. त्या मुलीच्या कथेतली नायिका गालावर कोडाचे डाग असल्यामुळे वर्गाच्या फोटोला दरवर्षी दांडी मारते. यंदा ती येते आणि मागच्या रांगेत उभी राहते. कथा इथेच संपते. मी पेन्सिलीनं 'मागच्या' खोडून 'पुढच्या' लिहिलं. "चालेल ना गं?" तिनं वहीकडे पाहिलं. "तुम्ही म्हणताय तर चालेल, मॅडम." कार्यशाळेच्या पुस्तिकेत कथा तशीच छापली गेली.

कुमार साहित्य शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली आहेत. पालक भेटतात आणि विचारतात, मुलीचा आत्मविश्वास वाढेल असं एखादं पुस्तक सांगा. पुस्तकाला टॉनिक समजू नका, हे सांगून मी थकले. आणि त्या दिवशी मीच त्या कथेला टॉनिक पाजलं.

या विषयातला माझा जुना वाद बदकाच्या पिल्लाशी आहे. अँडरसनची ती कथा 1843 ची. आपल्याकडे गदिमांनी तिचं गाणं केलं आणि आशाबाईंच्या आवाजात ते घरोघर पोचलं. गाणं मलाही प्रिय आहे. पण स्वतःला स्वीकारण्याचं उदाहरण म्हणून ते देतात तेव्हा मी हरकत घेते. पिल्लू शेवटी राजहंस निघतं, म्हणजे मुळात देखणंच होतं. ते बदकच निघालं असतं तर? 2012 च्या 'वंडर' कादंबरीत ऑगी या नायकाचा चारचौघांपेक्षा वेगळा चेहरा शेवटपर्यंत तसाच राहतो, हे मोठं धाडस. तरी शेवटी त्याला पदक मिळतं, सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतं. पदक न मिळालेल्या मुलानं काय करायचं?

मराठीत हा घोटाळा एका शब्दात होतो. 'सावळी, पण नाकीडोळी नीटस.' 'दिसायला बेताची, पण स्वभावानं सोनं.' इथे दृष्टिबिंदू कोणाचा, हे बघावं लागतं. हा 'पण' बघणाऱ्याचा आहे. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींचा आहे. लेखक नायिकेच्या बाजूनं बोलतो आणि उभा राहतो त्या मंडळींत. अंतरंगाचं सौंदर्य मग नुकसानभरपाई होऊन बसतं. 2020 साली 'फेअर अँड लव्हली'नं नावातला 'फेअर' काढला. आपल्या कथांतला 'पण' अजून निघालेला नाही.

वर्गात यावर कोणीतरी चोखोबांच्या उसाच्या अभंगाकडे बोट दाखवतं, आणि ते योग्यच आहे. ऊस वाकडा असला म्हणून रस वाकडा होत नाही, हे तळेगावच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. 'पण' तिथेही आहे. मात्र तो उच्चारणारा देवळाबाहेर ठेवलेला माणूस आहे, आणि शेवटी तो स्वतःचं नाव घेऊन स्वतःलाच वाकडा म्हणतो. स्वतःविषयी उच्चारलेला हा 'पण' भरपाई मागत नाही, बघणाऱ्याची नजर तपासतो. निवेदनतंत्रातला हा फरक विद्यार्थ्यांना रुक्ष वाटतो. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

भरपाई न मागणं कुमारकथेलाही जमतं. शांताबाई शेळक्यांनी 'लिटल विमेन'ची 'चौघीजणी' केली. त्यातली ज्यो आजारी वडिलांसाठी आपले केस पंचवीस डॉलरला विकते. घरात सगळ्यांसमोर ती हसते, आणि रात्री त्याच केसांसाठी रडते. त्यागानं रूपाची ओढ संपली, असं मूळ लेखिका म्हणत नाही. म्हणून पंधरा वर्षांच्या मुलीला ती खरी वाटते.

तळेगावच्या मुलीनंही तेवढंच खरं लिहिलं होतं. फोटोला येणं तिच्या नायिकेला जमलं, पुढे येणं जमलं नाही. पुढची रांग मला हवी होती.

पुस्तिकेच्या नव्या प्रती या महिन्यात निघाल्या. तिला विचारून मूळ शेवट परत घातला आहे. तिनं एक ओळ वाढवून पाठवली होती, तीही छापली: नायिका मागच्या रांगेत, डावीकडून तिसरी उभी आहे.