गच्चीवरचा शेवट

३ ऑगस्ट २०२३ रोजी ना. धों. महानोर गेल्याची बातमी आली. त्या रात्री मी कपाटाच्या तळातून एक वही शोधून काढली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, कडांना वाळवीने थोडीशी चाखलेली. वही दोघांची आहे, माझी आणि माझ्या आतेभावाची. १९८६ ते १९९५ या काळातले आमचे उन्हाळे तिच्यात आहेत. घरे बदलली, गावे बदलली, तरी ती माझ्याबरोबर फिरत राहिली. पण जवळजवळ अठ्ठावीस वर्षांत मी ती उघडली नव्हती. न उघडण्याला कारण होते. ते सांगावे असे आता वाटते.

आत्याचे गाव गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या काठाजवळ. परीक्षा संपल्या की दादा परभणीला आमच्याकडे येई, तो मिरगाच्या तोंडावर परत जाई. माझ्याहून तो तीन वर्षांनी मोठा. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आम्हांला ठाऊक होती आणि आमचे बहुधा परभणीतच भागणार, याविषयी शंकाही नव्हती. मे महिन्यातल्या परभणीत दुपारी घराबाहेर पडणे अशक्य असे. खिडक्यांना ओले पडदे, वीज गेलेली, माजघरात माठाखालची ओल धरून पडलेलो आम्ही दोघे आणि मधोमध एक टू-इन-वन. करमणुकीची साधने इतकी थोडी होती, की जे हाती लागे ते पुरवून पुरवून वापरावे लागे. कॅसेट मागे न्यायची तर यंत्राचे बटण दाबायचे नाही, चक्रात पेन्सिल घालून हाताने फिरवायची. कारण सेल वाचवायचे असत. उतरलेले सेल गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवले की दोन-चार गाणी अधिक वाजतात, असा आमचा विश्वास होता, आणि बहुधा ती वाजतही.

बाजारात गाणी भरून देणारी दुकाने होती. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की दोन दिवसांनी भरलेली कॅसेट मिळे. यादी करणे हाच उन्हाळ्यातला सर्वांत गंभीर उद्योग होता. साठ मिनिटांत काय बसेल, कोणत्या गाण्यानंतर कोणते यावे, यावर आमची खरीखुरी भांडणे होत. बाजूचे शेवटचे गाणे हमखास अर्ध्यात तुटे. अशी कितीतरी गाणी मी तुटलेलीच शिकलो. आजही ती पूर्ण ऐकताना ठरावीक जागी कान थबकतात.

वही सुरू झाली ती रेडिओमुळे. विविध भारतीचे निवेदक गाण्याबरोबर चित्रपटाचे, गायकाचे, संगीतकाराचे आणि गीतकाराचे नाव सांगत. हे सारे टिपून ठेवावे ही कल्पना दादाची. कलाकृतीला कर्ते असतात, आणि त्यांत शब्द लिहिणाराही असतो, हा साहित्याचा पहिला पाठ मला वर्गात मिळालेला नाही. रात्री दहाला ‘छायागीत’ ऐकताना मिळाला. पुढे वहीचे तीन भाग पडले. गाणी आणि सिनेमे दादाकडे, पुस्तके माझ्याकडे. मी गणेश वाचनालयातून पुस्तके आणीत असे. ‘बनगरवाडी’, ‘कोसला’, आमच्याच गावात कारकुनी करत लिहिणारे बी. रघुनाथ, प्रत्येकाखाली मी चार-पाच ओळी खरडी. त्या ओळी आता वाचवत नाहीत. त्यांतला जोर मात्र खोटा नाही. पावसाळ्यात दादा गावी परतला की वही ज्याच्याकडे नसेल त्याला दुसरा निळ्या आंतर्देशीय पत्रावर नव्या नोंदी कळवी.

दादाचे खरे सामर्थ्य सिनेमा सांगण्यात होते. ही कला आता जवळजवळ लोपली आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. रात्री गच्चीवर पाणी मारून अंथरुणे घातली जात. आई, आत्या, शेजारच्या दोन-तीन बायका, आम्ही मुले, असे दहा-बारा जण असत. दादा नामावलीपासून सुरुवात करी. दिग्दर्शकाचे नाव झाल्याशिवाय गोष्ट पुढे जात नसे. मग प्रसंगामागून प्रसंग. संवाद तो आवाज बदलून म्हणे. गाण्याची जागा आली की बोलणे थांबवून आधीच पेन्सिलीने लावून ठेवलेली कॅसेट सुरू करी. बरोबर मध्यावर तो थांबे आणि ‘मध्यंतर’ म्हणून खाली जाऊन तांब्याभर पाणी पिऊन येई. तेवढ्या वेळात गच्चीवर पुढे काय होणार याची चर्चा चाले. पुढे पडद्यावर पाहिलेले कित्येक सिनेमे मला त्याच्या सांगण्यापेक्षा तोकडे वाटले.

१९८९च्या उन्हाळ्यात त्याने ‘जैत रे जैत’ सांगितला. जब्बार पटेल यांचा हा चित्रपट १९७७चा, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा. दादाने तो गंगाखेडला कुणाच्या तरी घरी दूरदर्शनवर पाहिला होता. हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीताची कॅसेट आमच्याकडे होती. त्यातली गाणी महानोरांची आहेत हे कळल्यावर मी वाचनालयातून ‘रानातल्या कविता’ आणली. १९६७ साली निघालेले ते पातळसे पुस्तक वाचताना माझ्या ध्यानात आले, की हा माणूस आपल्यासारख्याच कोरडवाहू मुलखातला आहे. आणि ज्या रानाला आम्ही कंटाळलो होतो, त्याच रानावर कुणी अशा शब्दांत लिहू शकते. गाण्यापासून सिनेमा, सिनेमापासून कविता, असा तो प्रवास दोघांनी मिळून केला होता. मी पुढे मराठी घेतले त्याची मुळे त्या महिन्यात आहेत.

त्या रात्रीच्या गच्चीवर आत्याही होती. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात विहिरीच्या खोदकामावर दरड कोसळून तिचे यजमान गेले होते. बाबांनी तिला हवापालट म्हणून आणले होते. ती फारसे बोलत नसे. दादाने नाग्या आणि चिंधी यांची गोष्ट सांगितली. राणीमाशीने नाग्याचा डोळा घेतलेला, तिचे पोळे झाडण्याचा त्याचा हट्ट, नवऱ्याला सोडून त्याच्याकडे आलेली आणि त्या हट्टात त्याच्याबरोबर उतरलेली चिंधी. शेवटी पोळे झाडले जाते, माश्या उठतात, चिंधी कोसळते. नाग्या तिला कड्यावरून खाली आणतो, झाडपाला लावतो आणि पहाटे ती डोळे उघडते. गच्चीवर कुणीतरी सुस्कारा सोडला. आत्या म्हणाली, “बरं झालं माय.” पुष्कळ दिवसांनी तिने आपणहून काढलेला तो शब्द होता. आम्ही झोपलो.

१९९४ साली मी औरंगाबादला विद्यापीठात एम.ए.ला गेलो. तिथे एका चित्रपट-मंडळाच्या खेळात ‘जैत रे जैत’ पाहिला. चिंधी मरते. विजयाचा ढोल आणि तिचे मरण एकाच क्षणी येतात; तोच त्या कृतीचा कणा आहे. मी हादरलो, आणि पाठोपाठ मला आनंद झाला. तो आनंद कलेचा नव्हता, दादाची चूक सापडल्याचा होता. त्या वर्षात मी पुष्कळ शब्द शिकलो होतो: भावविवशता, रंजनपरता, सुखान्ताचा सोस. ते कुठे वापरता येतील याच्या शोधात मी होतो.

१९९५ साली परभणीला नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अडुसष्टावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच वर्षीचा हा उन्हाळा. दादा तोवर शेती पाहू लागला होता; आठ दिवसांसाठीच आला होता, वही घेऊन. रात्री गच्चीवर कुणीतरी म्हणाले, तो माश्यांचा सिनेमा पुन्हा सांग. दादा नामावली सांगू लागला, तेव्हा मी त्याला अडवले. म्हणालो, “तू शेवट चुकीचा सांगितला होतास. ती मरते. तुला सिनेमा कळलाच नव्हता.” एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते, पण शोकान्त का अटळ आहे, सर्वसामान्य प्रेक्षकाला गोड शेवट का लागतो, यावर मी बराच वेळ बोललो. दादा काही म्हणाला नाही. अंधारातून आत्याने विचारले, “मरती व्हय रे चिंधी?” मी उत्साहाने म्हणालो, “हो, मरायलाच पाहिजे.”

दादा पाणी आणायला खाली गेला, तो लवकर वर आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने ती दोघे गावी गेली. वही आमच्याकडे राहिली. त्याने ती कधी मागितली नाही आणि मीही पाठवली नाही. त्यानंतर त्याने मला सिनेमा सांगितला नाही. भेटी लग्नकार्यांत होत राहिल्या, बोलणे पाऊसपाण्याचे.

महानोर गेले त्या रात्री वहीतला दादाचा भाग मी उघडला. प्रत्येक सिनेमाची नोंद त्याच्या तिरप्या अक्षरात: कर्त्यांची नावे, गाणी, मध्यंतर कुठे, शेवट काय. ‘जैत रे जैत’च्या नोंदीत लिहिले होते: ‘शेवट – चिंधी मरते. गच्चीवर बदलून सांगितला. आई होती.’

वर्गात ‘किंग लिअर’चा विषय निघतो, तेव्हा मी नेहम टेटची गोष्ट सांगतो. त्याने १६८१ साली त्या नाटकाचा शेवट बदलला, कॉर्डेलियाला जगवले, तिचे लग्नही लावून दिले. आणि सुमारे दीडशे वर्षे इंग्लंडच्या रंगभूमीवर तोच शेवट चालला. विद्यार्थी हसतात, मीही हसतो. कॉर्डेलियाचे मरण पुन्हा वाचणे सॅम्युएल जॉन्सनसारख्या कठोर समीक्षकालाही नाटकाच्या संपादनाचे काम येईपर्यंत सोसले नव्हते, हे मात्र मी घाईने सांगून टाकीत असे. अलीकडे तिथे थोडा थांबतो.

माझा गैरसमज होऊ नये. बदललेला शेवट श्रेष्ठ, असे मी म्हणत नाही. दांडेकरांची कादंबरी आणि तो चित्रपट त्या मरणावरच उभे आहेत, आणि विद्यापीठाने मला जे शिकवले ते शिकणे आवश्यकच होते. पण दादाचे सांगणे म्हणजे चित्रपटाचा अहवाल आहे, असे समजून मी त्यातली चूक काढली. ते सांगणे समोरच्या माणसांना उद्देशून होते. आपल्याला आवडलेले दुसऱ्याला देताना तो दुसरा कोण आहे, आज कोणत्या अवस्थेत आहे, याचे भान त्याला एकोणिसाव्या वर्षी होते. कृती त्याला माझ्याइतकीच कळली होती, माझ्या पाच वर्षे आधी. आत्याकडे मात्र मी पाहिलेच नव्हते. विहिरीची गोष्ट मला ठाऊक होती, ती गच्चीवर आहे हेही ठाऊक होते. दोन्ही गोष्टी मी एकत्र आणल्या नाहीत.

आत्या जाऊनही आता बरीच वर्षे झाली. त्या रात्री मी दादाला फोन केला. माफी मागण्याचे मनात होते. ते जमले नाही. महानोर गेल्याचे त्याला कळले होते. नोंदीविषयी विचारले, तेव्हा तो सहज म्हणाला, “हां, आई होती की.” थोडा वेळ दोघेही गप्प होतो. मग त्याने विचारले, “ती कॅसेट हाय का रं अजून?”

कॅसेट नाही. वही आहे. पुस्तकांच्या माझ्या भागात ‘रानातल्या कविता’च्या पुढे काही पाने कोरी आहेत. तिची झेरॉक्स काढून मूळ प्रत मी त्याच्याकडे पाठवली.