त्यांना सही येते

संपूर्ण साक्षरता अभियानात मी तालुक्याचा समन्वयक होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी सांभाळून संध्याकाळी गावोगाव फिरायचो. 1988 मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं होतं, फेब्रुवारी 1990 मध्ये केरळचा एर्नाकुलम जिल्हा साक्षर म्हणून जाहीर झाला होता, आणि आपलंही नाव त्या यादीत लागावं या ध्यासाने आम्ही झपाटलो होतो. कलापथकं निघत, भिंती घोषणांनी रंगत. भाषणात मी सांगायचो की अंगठा हा स्वतंत्र भारताला लागलेला डाग आहे. ज्या दिवशी सही कराल, त्या दिवशी खऱ्या अर्थाने देशाचे नागरिक व्हाल. समोरच्या बाया माना खाली घालायच्या. ती शरम त्यांना वर्गाकडे आणेल असं मला वाटायचं.

ते वाक्य किती चुकीचं होतं हे कळायला फार वर्षं गेली. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत या देशात शंभरातल्या जेमतेम 18 माणसांना लिहिता-वाचता येत होतं. तरी घटनेने मताला शिक्षणाची अट घातली नाही. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली गेली, तिच्यावर चिन्ह लावलं गेलं आणि कोट्यवधी निरक्षर माणसांनी सरकार निवडलं. म्हणजे देशाने त्यांना केव्हाच नागरिक मानलेलं होतं. त्यांना पुन्हा रांगेत उभं करणारे आम्ही होतो.

सहीचं मोल मला कमी लेखायचं नाही. त्याच निवडणुकीत उत्तरेकडच्या राज्यांत लाखो बायांची नावं यादीतून गळाली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं होतं. आमच्या वर्गात पाटीवर पहिल्यांदा स्वतःचं नाव उमटवणाऱ्या बाईचा चेहरा मी पाहिला आहे. तो आनंद खरा होता. मी मात्र तिथेच थांबलो.

मिशनचे निकष त्याहून बरेच पुढचे होते. तीन पुस्तिका पूर्ण करायच्या, सोपा उतारा मिनिटाला 30 शब्दांच्या वेगाने मोठ्याने वाचायचा, सांगितलेलं लिहायचं. जनगणनेची व्याख्याही स्पष्ट होती: सात वर्षांच्या आणि त्यापुढच्या माणसाला कुठल्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता आलं पाहिजे. 1991 मध्ये त्या मापाने देशात 52 टक्के माणसं साक्षर होती, बायकांत 39. हे आकडे मला पाठ होते. पण सुगी आली की वर्ग ओस पडायचे, स्वयंसेवक परीक्षांना निघून जायचे आणि वरून अहवालाची तारीख यायची. अडखळत दोन ओळी वाचणाऱ्या, पण सही ठसठशीत करणाऱ्या बायांना मी उत्तीर्ण केलं. कुणी दबाव आणला म्हणून नाही. पुढे येईलच वाचता, अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्यांतली एक आक्का. गावातलीच लेक, गावातच दिलेली. मोडी वळणासारखी गोल, सुंदर सही करायची. वडील गेल्यावर तिच्या भावांनी मला तालुक्याला यायला सांगितलं, एका कागदावर साक्षीदार म्हणून सही हवी होती. भाऊ ओळखीचे होते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गर्दी होती. कारकुनाने सवयीने शाईचा पॅड आक्कापुढे सरकवला. मी म्हणालो, “त्यांना सही येते.”

मला अभिमान वाटला होता. आक्कालाही वाटला असावा. तिने पदर सावरला, सही केली. दस्त कबूल आहे का, असं विचारल्यावर ती हो म्हणाली. मग मी सही केली. तो कागद मी वाचला नाही, आणि तिलाही वाचून दाखवला नाही.

अंगठा देणाऱ्याच्या दस्तात ‘मजकूर वाचून दाखवला, समजला’ अशी ओळ घालायचा रिवाज आहे. ती ओळ कधी कधी नुसतीच लिहिली जाते हे मला माहीत आहे. पण निदान कुणीतरी वाचून दाखवायचं असतं, हे तिथे मान्य केलेलं असतं. 1875 मध्ये पुणे-नगरच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्यानंतर 1879 च्या कायद्याने शेतकऱ्याचा दस्त सरकारी देखरेखीखाली लिहिण्याची तरतूद केली. न वाचलेल्या कागदाने माणूस कसा नागवला जातो, हे त्या सरकारलासुद्धा दिसलं होतं. मी मास्तर असून मला दिसलं नाही. माझ्या एका वाक्याने आक्काभोवतीचं ते तोकडं कुंपणही गेलं.

तो कागद हक्कसोडपत्राचा होता. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने वडिलांच्या जमिनीत तिला मिळणारा वाटा तिने भावांना बिनमोबदला सोडून दिला होता. सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायला सही लागते, एवढंच तिला सांगितलं होतं.

काही वर्षांनी तिचा नवरा गेला. सासरच्यांनी हात वर केले, तेव्हा तिने भावांकडे वाटा मागितला. भावांनी दस्ताची नक्कल हातात ठेवली. ती नक्कल घेऊन आक्का माझ्याकडे आली. शेवटच्या पानावर बोट ठेवून तिने स्वतःचं नाव वाचलं, त्याखाली माझं वाचलं. मग म्हणाली, “मधलं तुम्ही वाचा, गुरुजी.” मी वाचलं. ती रडली नाही, भांडलीही नाही. एवढंच विचारलं, “हे त्या दिवशी का नाही वाचलं?”

मी वकिलाकडे गेलो. ते म्हणाले, दस्त रद्द करून मागता येईल, पण फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावायला हवा. आणि साक्षीदार म्हणून तुम्हालाच सांगावं लागेल की बाईंना वाचता येत नव्हतं. तिच्या साक्षरतेच्या प्रमाणपत्रावर माझी सही होती. तालुक्याचा सत्कार झालेला होता. मी विचार करून सांगतो म्हणालो. बदली झाली, घरी आजारपण आलं, ही कारणं खरी आहेत. पण त्या मुदतीत मला कोर्टात उभं राहायला वेळ नव्हता असं मी म्हणू शकत नाही. मी नाही म्हणालो नाही, हो म्हणालो नाही, आणि मुदत उलटली. आक्काने पुढची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या बांधावर मजुरी केली, त्यांत भावांचाही बांध होता.

महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून निवेदन दिलं. कागदावर फसणारा शेतकरी त्यांच्या डोळ्यांपुढे होता. मी त्यांचा फोटो प्रत्येक वर्गात लावला. आमच्या पुस्तिकांत मात्र देश होता, स्वच्छता होती, छोटं कुटुंब होतं. सातबारा नव्हता, दस्त नव्हता. नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटाच्या बायांनी साक्षरतेच्या पुस्तकात दारूवरचा धडा वाचला आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला गावातलं दुकान बंद पाडलं. पुढे आंध्र प्रदेशाला अर्क या देशी दारूच्या बंदीपर्यंत जावं लागलं. त्यांनी वाचलेलं त्यांच्या घरातलं होतं.

आता उल्लास या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाच्या प्रशिक्षणाला मला बोलावतात. मी नावं खोडलेली हक्कसोडपत्राची प्रत वाटतो आणि शिक्षकांना वाचायला लावतो. ‘लिहून घेणार’, ‘लिहून देणार’, ‘चतुःसीमा’, ‘ऐसे जे की’ यांत पदवीधर शिक्षकही थबकतात. म्हणून माझ्या मागण्या दोन आहेत: प्रत्येक वर्गात शिकणाऱ्यांच्या घरचेच कागद वाचले जावेत, आणि दस्ताची मराठी बोलण्यातली व्हावी. मागच्या बैठकीत अधिकारी म्हणाले, चाचणी जवळ आली आहे, अभ्यासक्रमाबाहेरचं नको. मी म्हणालो, मग चाचणीतच एक दस्त घाला. आमचं एकमत झालं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा बैठक आहे, तिथे मी हेच मागणार आहे.