नाक मुरडण्यापूर्वी

नागपूरहून पूर्वेकडे राष्ट्रीय महामार्गाने साठएक किलोमीटर आले की भंडारा शहर लागते. शहर मागे टाकून वैनगंगेचा पूल ओलांडला, की लाखनी-साकोलीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या आणि त्यांच्या माथ्यावर तलाव दिसू लागतात. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव. मालगुजारी गेली, सरकारदरबारी ते ‘माजी मालगुजारी’ झाले आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ हे नाव रुळले. या तलावांनी जिल्ह्याला तांदूळ दिला, मासोळी दिली आणि बाहेरच्या पाहुण्याला नाक मुरडायला लावणारे काही पदार्थही दिले. वाचकहो, आज आपल्याला या पदार्थांकडे घेऊन जायचे आहे. ज्यांच्या घरी वयोवृद्ध माणसे आहेत आणि ज्यांच्यावर त्यांच्या जेवणाची जबाबदारी आहे, त्यांच्यासाठी हा प्रवास विशेष महत्त्वाचा आहे.

येथील कोणत्याही आठवडी बाजारात शिरा. भाजी, मिरची, कांदे यांच्या रांगा संपल्या की वारा एक तीव्र वास घेऊन येतो. सुकी मासोळी आणि सुके झिंगे मांडून ढिवर समाजाच्या स्त्रिया तेथे बसलेल्या असतात. उन्हाळ्यात तलाव आटत जातात, लहान मासोळी मुबलक सापडते. ती उन्हात वाळवून ठेवली की पावसाळ्याच्या तंगीत घरात कालवण असते. झिंगे आणि आंबाडीची भाजी, किंवा झिंगे आणि वांगी, हे येथील कित्येक घरांतले अत्यंत आवडीचे जेवण. परंतु तोच वास शहरातील इमारतीच्या जिन्यात पसरला, तर शेजारी दार लावून घेतात.

पावसाळ्यात हाच बाजार वेगळा होतो. वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, येतात. त्यांचा उग्र वास नवख्याला सहन होत नाही. वारुळांच्या आसपास उगवणाऱ्या सात्या, म्हणजे रानातली अळंबी, चढ्या भावाने विकल्या जातात. रस्त्याच्या कडेला माजणारा तरोटा ताटात येतो. धानाच्या बांधीतले खेकडे येतात. आणखी दक्षिणेला गडचिरोली आणि बस्तरच्या रानांत तांबड्या मुंग्यांची चटणी वाटली जाते. ओडिशातील मयूरभंजच्या अशाच चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा अनेकांनी ती बातमी किळसवाण्या कुतूहलाने वाचली.

किळस शिकवली जाते

जगभर हीच कथा आहे. स्वीडनमधील माल्मो शहरात २०१८ साली किळसवाण्या खाद्यपदार्थांचे एक संग्रहालयच उघडले. स्वीडनचे लोक आंबवलेला हेरिंग मासा खातात. त्याचा डबा उघडताच घर सोडावेसे वाटते, असे पाहुणे म्हणतात. इटलीच्या सार्डिनिया बेटावर जिवंत अळ्या असलेले चीज खाल्ले जाते. त्याच्या विक्रीला मनाई आहे, तरी त्याचे चाहते आहेत. कोरियात रेशीमकिड्याचे कोशित उकडून विकतात आणि आसामातही एरी रेशमाचे कोशित आवडीने खातात. मोहाडी-आंधळगावकडील कोशाचे कापड अंगावर मिरवणाऱ्या आपल्याला हे ऐकून शहारे येतात. धागा चालतो, किडा चालत नाही. आपण मात्र निर्धास्त राहू नये. ज्या हिंगावाचून आपली फोडणी होत नाही, त्याला जर्मन भाषेत ‘सैतानाची विष्ठा’ अशा अर्थाचे नाव आहे.

चार्ल्स डार्विनने १८७२ साली भावनांवरील आपल्या ग्रंथात एक प्रसंग नोंदवला आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी तो थंड, टिकवलेले मांस खात होता. तेथील एका रहिवाशाने त्या मांसाला बोट लावून पाहिले आणि त्याच्या मऊपणाची त्याला उघड किळस आली. डार्विनला किळस आली ती या गोष्टीची, की परक्या माणसाने आपल्या अन्नाला हात लावला, आणि त्या माणसाचे हात घाणेरडे दिसत नव्हते, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहिले. पदार्थ एक, किळसा दोन. कुजके, दूषित अन्न टाळावे म्हणून निसर्गाने ही भावना दिली खरी. परंतु कशाची किळस करायची, हे बरेचसे घर आणि समाज शिकवतो. लहान मूल काहीही तोंडात घालते. नाक मुरडणे ते आपल्याकडून शिकते.

घरातील वृद्धाचे ताट

आता आपल्या घराकडे वळू. वय वाढते तशी वास आणि चव ओळखण्याची शक्ती मंदावते. जेवण सपक लागते, भूक कमी होते, दात साथ देत नाहीत. अशा वेळी बालपणापासून ओळखीचा असलेला उग्र स्वादच कधी कधी घास पुढे सरकवतो. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या कुटुंबांत एक चित्र वारंवार दिसते. गावाकडची आजी मुलाकडे शहरात राहायला जाते. तेथे सुकी मासोळी शिजत नाही. कोणी मनाई केलेली नसते. परंतु सुनेचा पदराआड गेलेला चेहरा आणि नातवाचे ‘शी!’ पुरेसे असते. आजी मागणे सोडते. ‘मला आता जेवण नाही जात बाप्पा’ एवढेच म्हणते. सहा महिन्यांत पातळ सैल होते, उठताना हात टेकावा लागतो आणि मग सगळे टॉनिक मागायला येतात.

वजन असे उतरू लागले तर क्षय, मधुमेह, थायरॉईड, कर्करोग आणि नैराश्य यांचा तपास प्रथम व्हावा. यात तडजोड नाही. पण तपासाबरोबर एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘आजी, तुम्हाला खरे काय खावेसे वाटते?’ उत्तर लाजत लाजत येते.

ताज्या माशाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणी असतो. वाळवल्यावर पाणी जाते आणि प्रथिने एकवटतात. लहान मासोळी काट्यांसह खाल्ली तर कॅल्शियम मिळते. जीवनसत्त्व बी-१२ मिळते, जे मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत कमी पडू शकते. वृद्धाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज साधारण एक ग्रॅम प्रथिन हवे. भात आणि पातळ वरण यांवर ते भागत नाही. मूठभर झिंगे येथे महागड्या पावडरीच्या डब्याचे काम करू शकतात. शाकाहारी घरात हेच काम दूध, दही, डाळी आणि भिजवलेले हरभरे करतील. बी-१२ कमी असल्यास मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी किंवा इंजेक्शन घ्यावे.

कौतुक करावे, पण डोळसपणे

परंपरेचे आहे म्हणून सर्व निर्धोक, असा अर्थ कृपया काढू नये. परंपरेनेच त्यात काळजीही सांगितलेली आहे. आइसलँडमधील लोक ज्या शार्कचे मांस खातात, ते ताजे असता विषारी असते; महिनोन्‌महिने मुरवून, वाळवून ते खाण्याजोगे होते. आपल्या वास्त्यांतही सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. म्हणून ते बारीक चिरून, भिजवून, उकळून पाणी फेकून देण्याची रीत आहे. ती रीत वेळ वाचवण्यासाठी सोडू नये.

जिल्ह्याच्या धानशेतीतील लाखोरीचीही हीच गोष्ट. धान कापण्यापूर्वी ओल्या बांधीत लाखोरी पेरण्याची पद्धत येथे जुनी आहे. तिच्या दाण्यातील एक द्रव्य मज्जासंस्थेला घातक असते. दुष्काळात महिनोन्‌महिने तीच डाळ मुख्य अन्न झाली, की पाय ताठरतात आणि ते पुन्हा सुधारत नाहीत. म्हणून १९६१ साली देशात तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्रात ती पुढे उठली. कमी विषद्रव्याचे वाणही आले आहेत. मिश्र आहारात अधूनमधून, भिजवून, पाणी टाकून शिजवलेली लाखोरी आणि रोज तीनही वेळा तीच डाळ, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

काळजी घेणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास खारवलेली मासोळी टाळावी. बिनमिठाची, नुसती उन्हात वाळवलेली मिळाली तर ती घ्यावी. गरम पाण्यात दोनदा भिजवून पाणी फेकावे आणि वरून मीठ घालू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णाने प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

युरिक ॲसिड वाढून सांधे सुजत असतील तर सुकी मासोळी, झिंगे, काळीज आणि गुर्दा यांपासून दूर राहावे. झिंग्यांची ॲलर्जी असल्यास एक घासही नको.

कवळी वापरणाऱ्यांना घशात काटा अडकल्याचे उशिरा कळते. झिंगे भाजून, कुटून, चटणी करून द्यावी.

खेकडे पूर्ण शिजवावेत. अर्धकच्च्या खेकड्यातून फुप्फुसात कृमी जाऊ शकतो. खोकला आणि रक्त यांमुळे तो क्षयासारखा भासतो.

अनोळखी अळंबी कधीही घेऊ नये. विषारी अळंबी शिजवल्याने निर्विष होत नाही आणि नुसत्या नजरेने ती ओळखण्याची कोणतीही घरगुती युक्ती भरवशाची नाही.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन चालू असेल तर हिरव्या पालेभाज्यांचे प्रमाण एकदम वाढवू वा घटवू नये. जपानमधील चिकट, वासट ‘नॅट्टो’ तर अशा रुग्णांना वर्ज्यच सांगतात, कारण त्यात जीवनसत्त्व ‘के’ भरपूर असते.

शेवटची सूचना सर्वांत कमी लोकांना ठाऊक असते. वृद्धाची किळस अचानक नाहीशी झाली, शिळे-आंबलेले तो बिनदिक्कत खाऊ लागला, किंवा खाण्याच्या आवडी एकाएकी पालटल्या, तर ते स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांचे लक्षण असू शकते. रागावू नये, डॉक्टरांना दाखवावे. ज्यांना वास येत नाही त्यांच्या फ्रिजमधील अन्न रोज दुसऱ्याने तपासावे.

एवढे सांभाळले, की उरतो फक्त वासाचा प्रश्न, आणि तो सुटण्याजोगा आहे. झिंगे दुपारी, खिडक्या उघडून, झाकण ठेवून भाजावेत. भाजून कुटलेली चटणी घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवावी. म्हणजे आठवडाभर घरात वास न होता जेवणाच्या वेळी चमचाभर वाढता येते. आपल्याला ती खायची नसेल तर खाऊ नये. मात्र वाढताना चेहरा प्रसन्न ठेवावा आणि मुलांना ‘शी’ ऐवजी ‘आजी, हे कसे करतात?’ असे विचारायला शिकवावे. आजी तलाव, उन्हाळा आणि आपली आई यांच्याविषयी बोलू लागेल, आणि बोलता बोलता दोन घास अधिक जेवेल.